दारू सुरू होते एका कारणाने, वाढते दुसऱ्या, आणि सुटत नाही तिसऱ्याच

प्रश्न दोन आहेत. काही माणसं एवढी का पितात? आणि जिथे पिणं हा उठण्याबसण्याचा भाग होऊन बसतो, तिथल्या बाकीच्यांचं त्यामुळे काय होतं?

पहिल्या प्रश्नाची बहुतेक उत्तरं एकाच कारणावर अडकतात. कुणी म्हणतं दुःख, कुणी संगत, कुणी कच्चं मन. गडबड इथेच होते. पहिला पेला ज्या कारणाने हातात येतो, त्या कारणाने पाचव्या वर्षी रोजचा खंबा होत नसतो. आणि खंबा ज्या कारणाने होतो, ते कारण गेल्यावरही दारू जातेच असं नाही. कर्ज फिटतं, नोकरी लागते, पिणं मात्र तसंच राहतं आणि घरचे चक्रावतात: आता कसलं दुःख आहे याला? सुरू होणं, वाढणं आणि न सुटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आजूबाजूचे लोक तिन्हींत हातभार लावतात, पण प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने.

आधी माप. पेग, ग्लास, बाटली या शब्दांत बोललं की हिशेब कधीच लागत नाही, म्हणून ग्रॅममध्ये बोलावं. रीत सोपी आहे: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९. हे शेवटचं म्हणजे शुद्ध अल्कोहोलचं एका मिलिलिटरचं वजन. ४० टक्क्यांच्या दारूचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे १९ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतो’ म्हणणारा दोन मोठ्या पेगांहून जास्त घेतोय. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास १४ ग्रॅमचा. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक प्रमाणित पेय धरते आणि एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं तर त्याला भरपूर पिणं म्हणते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. कॉफी, लिंबूपाणी, गार आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. पिणारा फक्त जास्त जागा होतो.

आता सुरुवातीचं कारण. ते बहुतेकदा अगदी साधं असतं: कुतूहल, बरोबरचे घेतात म्हणून, मोठं झाल्याची खूण म्हणून. इथे दुःख वगैरे शोधू नये, क्वचितच सापडतं. आनुवंशिकता इथे कमी बोलते आणि पुढे जास्त बोलते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूवर अवलंबून होण्याच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा जनुकांचा असतो, पण ‘दारूचं जनुक’ असं एकच काही नसतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत दारू पचवणारं एक विकर (एन्झाइम) मंद चालतं, त्यामुळे थोडी प्यायली तरी चेहरा लाल होतो, धडधडतं, मळमळतं. अशांना व्यसन लागण्याचं प्रमाण कमी असतं. याच्या उलट टोकाला असतो तो ‘मला चढतच नाही’ म्हणणारा. बैठकीत त्याचं कौतुक होतं, कारण सगळे आडवे झाले तरी हा गाडी चालवायला तयार. खरं तर ही धोक्याची घंटा आहे. ज्यांना तरुणपणी दारूचा परिणाम कमी जाणवतो, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त दिसतं. ‘आता बस’ सांगणारी शरीराची खूणच त्यांच्याकडे उशिरा पोहोचते.

वाढण्याचं कारण शोधायचं तर ‘का पितोस’ विचारू नये. या प्रश्नाला माणूस एक तर बचाव करतो, नाही तर तत्त्वज्ञान सांगतो. त्याऐवजी शेवटचा पिण्याचा दिवस तासातासाने उलगडून घ्यावा. किती वाजता पहिल्यांदा डोक्यात आलं? तेव्हा कुठे होतास, कोण होतं? त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं? पहिला घोट घेतल्यावर किती वेळाने बरं वाटलं, आणि बरं म्हणजे नेमकं काय: छाती मोकळी झाली, बोलता यायला लागलं, की विचार थांबले? झोप कधी लागली, जाग कधी आली? असे दोन-तीन दिवस उलगडले की दारू त्याच्यासाठी कोणतं काम करते ते दिसतं. एकाची झोपेची गोळी, दुसऱ्याचं धाडस, तिसऱ्याचं दुखणं दाबणारं औषध. चौथ्यासाठी ती काम संपल्याची घंटा असते, बाकी काही नाही. चौघांची मात्रा सारखी असेल, इलाज सारखा नसतो.

दारू ही कामं खरंच करते, हे आधी मान्य करावं लागतं. नाही तर पिणारा आपलं बोलणं तिथेच बंद करतो. काही मिनिटांत ती मेंदूत पोहोचते, गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. दिलासा दहा-पंधरा मिनिटांत रोख मिळतो. बिल मात्र रात्री तीनला येतं.

हे तीन वाजताचं प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. अकराला शेवटचा पेला, साडेअकराला गाढ झोप. रात्रीच्या पहिल्या भागात दारू स्वप्नांची झोप दाबते. मग रक्तातली पातळी उतरू लागते आणि दाबून धरलेली चेतवणारी यंत्रणा उसळी मारते. माणूस खाडकन जागा होतो: तोंड कोरडं, छातीत ठोके, अंगाला घाम, डोक्यात उद्याच्या सगळ्या काळज्या एकदम. त्याला ही दारूची उसळी वाटतच नाही, आपला टेन्शनचा स्वभाव वाटतो. दिवसभर तो चिडचिडा, दमलेला राहतो आणि संध्याकाळी त्याच टेन्शनवर औषध म्हणून बाटली उघडतो. दारूने केलेली जखम दारूनेच बांधायची, असं ते चक्र आहे. ‘मी टेन्शनमुळे पितो’ हे वाक्य खोटं नसतं, अर्धंच असतं.

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक उपयोगी मांडणी केली. दारू मन हलकं करत नाही, लक्षाचा झोत अरुंद करते. समोर गप्पा, हशा असेल तर झोत त्यावर पडतो आणि काळजी अंधारात जाते. समोर रिकामी भिंत असेल तर झोत काळजीवरच पडतो आणि ती दुप्पट दिसते. चारचौघांत हसणारा माणूस त्याच मात्रेवर एकटा असताना रडतो किंवा भांडण उकरून काढतो, ते यामुळे. एकट्याने दार लावून पिणं सुरू झालं असेल, तर मात्रा किती हे विचारण्याआधी याची दखल घ्यावी.

तिसरं कारण, न सुटण्याचं. रोजच्या भडिमाराला मेंदू जुळवून घेतो: शांत करणाऱ्या ब्रेकची संवेदनक्षमता कमी, चेतवणारा ॲक्सिलरेटर जास्त. मग दारू नसली की थरथर, घाम, अस्वस्थता. सकाळचा ‘उतारा’ इथे सुरू होतो. तो चैनीचा पेला नसतो. हात स्थिर व्हावा, सही करता यावी, दाढी करता यावी म्हणून घेतलेला असतो. शिवाय जागा, वेळ, ग्लासाचा आवाज, ठरावीक मित्राचा फोन या सगळ्या खुणा तलफ जागवतात. आणि माणसाची स्वतःबद्दलची समजूतही काम करते. ॲलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दारूवर अवलंबून असलेल्या लोकांना चव घेण्याच्या निमित्ताने पेयं दिली. ज्यांना ‘यात व्होडका आहे’ असं सांगितलं होतं ते जास्त प्याले, मग पेल्यात खरोखर व्होडका असो वा नुसतं टॉनिक. यावरून व्यसन हा मनाचा खेळ आहे असं कुणी काढू नये. दारू बंद केल्यावर येणारी आकडी समजुतीने येत नाही. पण ‘एक घोट गेला की माझ्या हातात काही नाही’ ही समजूत दुसरा घोट ओढून आणते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता टेबल. चार जण बसलेत, प्रत्येकजण एकेक फेरी मागवणार अशी रीत आहे. रीतीचा अर्थ: कुणालाही चारच्या आत उठता येत नाही. एक पिऊन उठला तर फुकट्या, दोनवर थांबला तर दोघांची फेरी नाकारली. चार पेग म्हणजे ७६ ग्रॅम. दोन तासांत यकृताने फार तर २० काढले, ५५ ते ६० अंगात राहिले. अकराला उठले तरी पूर्ण उतरायला पहाटेचे पाच ते सकाळचे आठ वाजतील. सकाळी सहाला गाडी काढणारा स्वतःला शुद्धीत समजतो, पण असेलच असं नाही. आणि वेग कोण ठरवतं? सगळ्यात जलद पिणारा. त्याचा ग्लास रिकामा झाला की पुढची फेरी येते. हळू पिणाऱ्याच्या अर्ध्या ग्लासात वरून ओतलं जातं, म्हणजे मोजणीही गेली. यात कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नसते. मांडणीच अशी की जास्त पिणाऱ्याच्या चालीने सगळे चालतात.

याच्या जोडीला एक मजेशीर गैरसमज असतो. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत पाहिलं की प्रत्येकाला वाटत होतं, इथल्या पिण्याचा मला थोडा त्रास होतो, पण बाकी सगळे मजेत आहेत. बाकीच्यांनाही तेच वाटत होतं. जो अतिरेकी पितो तो गाजतो, त्याचे किस्से फिरतात. जो दोनवर थांबतो त्याचा किस्सा कोण सांगणार? मग कधीच अस्तित्वात नसलेल्या सरासरीशी जो तो जुळवून घेत बसतो.

पिऊन माणूस कसा वागतो, हेही समाज शिकवतो. मानववंशशास्त्रज्ञ ड्वाइट हीथ यांनी १९५० च्या दशकात पूर्व बोलिव्हियातल्या कांबा लोकांचं पिणं नोंदवलं. ते ८९ टक्क्यांची दारू प्यायचे, बेशुद्ध होईपर्यंत प्यायचे, पण मारामारी नव्हती आणि व्यसनाच्या खुणा दिसल्या नाहीत. एकट्याने पिणं नव्हतं, पिण्याचे दिवस ठरलेले होते, सगळे एका वर्तुळात बसून ठरावीक क्रमाने प्यायचे. ८९ टक्के निरुपद्रवी आहेत असा याचा अर्थ नाही. शरीराला ती दारू तेवढीच विषारी. अर्थ एवढाच की तोल जाणं, जीभ जड होणं हे दारूचं काम. हात उगारणं, अंगचटीला येणं, हिशेब चुकते करणं यात ‘आमच्याकडे पिल्यावर हे चालतं’ या समजुतीचा मोठा वाटा असतो. ‘तो तसा नाही हो, दारू बोलते’ हे वाक्य जिथे सहज खपतं, तिथे दारू जास्त बोलू लागते. माफी आधीच तयार असते ना. बाहेर साहेबापुढे गप्प बसणारा माणूस घरी आल्यावरच हात उगारतो. तोल खरंच पूर्ण गेला असता तर माणूस बघून गेला नसता.

समाजाच्या पातळीवर सगळ्यात टिकून असलेली समजूत म्हणजे ‘आमच्यात चार-दोन बेवडे आहेत, बाकी सगळे नीट पितात’. सुली लेडरमान या फ्रेंच संशोधकाने १९५६ मध्ये दाखवलं की समाजातली सरासरी वाढली की अतिपिणारेही वाढतात, दोन्ही सुटे सुटे हलत नाहीत. त्याचं गणित पुढे फार काटेकोर ठरलं नाही. पण नॉर्वेच्या ओले-यॉर्गेन स्कोग यांनी १९८५ मध्ये हीच गोष्ट जास्त नीट मांडली: थोडं पिणारे, मध्यम पिणारे, अतिपिणारे सगळे एकत्र वरखाली होतात, कारण प्रत्येकजण आपल्या आसपासच्यांना पाहून पितो. दुसरीकडे, अनेक देशांत सर्वांत जास्त पिणारे दहा टक्के लोक एकूण दारूच्या निम्म्याच्या आसपास दारू पितात. म्हणजे ‘जबाबदारीने प्या’ हा सल्ला सगळ्यांनी खरंच पाळला तर विक्री खूपच घटेल. विकणाराच तो सल्ला बाटलीवर छापतो, तेव्हा हे ध्यानात असावं.

तरी सगळं नुकसान या दहा टक्क्यांकडून येत नाही. नॉर्मन क्राइटमन यांनी १९८६ मध्ये दाखवलेला विरोधाभास असा: अपघात, पडणं, भांडणं, कामावरची गैरहजेरी यांतला मोठा हिस्सा साध्या, अधूनमधून पिणाऱ्यांकडून येतो. एकेकाचा धोका छोटा, पण माणसं खूप. यकृत सुजणं, अवलंबित्व ही मात्र जास्त पिणाऱ्यांची दुखणी. आणखी एक उलटा दिसणारा प्रकार: गरीब वस्तीत सरासरी पिणं श्रीमंतांइतकंच किंवा कमी असलं तरी मृत्यू आणि आजार जास्त असतात. कारणं उघड आहेत. अपुरं अन्न, आधीची दुखणी, धोक्याचं काम, एकाच दिवशी भरपूर पिण्याची तऱ्हा, आणि घसरल्यावर सावरायला शिल्लक काही नाही. पगार बुडाला तर एका घरात सहल रद्द होते, दुसऱ्यात शाळेची फी.

घरात मुलांना सगळ्यात जास्त पोखरते ती अनिश्चितता. आज बाबा गोष्ट सांगणार की ताट फेकणार, हे दाराच्या कडीच्या आवाजावरून ओळखायला मूल शिकतं. असं मूल फार ‘समजूतदार’ असतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात. मोठी माणसं सारवासारव करतात: कामावर ‘ताप आलाय’ म्हणून फोन, उधारी चुकती, सांडलेलं पुसून ठेवलेलं. माया आणि अब्रू दोन्ही त्यात असतात. पण परिणाम असा की पिणाऱ्यापर्यंत त्याच्या पिण्याचं बिल पोहोचतच नाही.

मग वरून बंदी घातली तर? सोव्हिएत संघात मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मे १९८५ मध्ये मोहीम सुरू केली. दारूचं उत्पादन कमी, दुकानांच्या वेळा कमी, किंमती वर. पुरुषांचं सरासरी आयुर्मान दोन-तीन वर्षांत सुमारे ३ वर्षांनी वाढलं. आणि त्याच काळात घरोघरी भट्ट्या लागल्या, दुकानांतली साखर नाहीशी झाली, सरकारचा महसूल आटला आणि मोहीम गुंडाळावी लागली. अमेरिकेतल्या १९२० ते १९३३ च्या दारूबंदीतही सुरुवातीला पिणं आणि यकृताचे मृत्यू घटले, मग चोरटा धंदा उभा राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, पण वाद घालणारे आपल्या सोयीची एकच उचलतात. चोरट्या दारूत मिथेनॉलचा धोका असतो: पिल्यानंतर बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं, पोटात दुखणं, धाप. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठावं, त्या विषावर औषधं आहेत पण वेळेत मिळाली तर.

मधला रस्ता जास्त टिकतो. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून ८ ग्रॅमच्या एका युनिटला किमान ५० पेन्स असा भाव ठरवला. २०२३ च्या अभ्यासात केवळ दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजे १३ टक्क्यांनी कमी आढळले. पण जे पूर्ण अवलंबून होते, त्यांच्यापैकी काहींनी दारू तशीच ठेवून जेवणाचा खर्च कापला. किंमत वाढवताना उपचाराची सोय शेजारी नसेल, तर भार कुणावर पडतो ते यातून दिसतं. आइसलंडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ५ टक्के. व्याख्यानांनी हे झालं नाही. संध्याकाळी खेळ आणि संगीताची सोय, त्यासाठी पालिकांकडून पैसे, रात्री बाहेर राहण्याच्या वेळेवर पालकांचं एकमत, आणि दरवर्षी शाळानिहाय आकडे त्याच वस्तीच्या हातात. मुलांची दारू काढून घेतली, तेव्हा रिकामी झालेली संध्याकाळही कुणीतरी भरली होती.

आता एका माणसापुरतं काय करायचं ते. आधी दोन आठवडे नोंद: वेळ, काय, किती मिलिलिटर, किती टक्के, सोबत कोण, आधी काय वाटत होतं. रात्री नाही, त्या त्या पेल्याच्या आधी लिहायचं. बऱ्याच लोकांचं पिणं नुसत्या या नोंदीने उतरतं. सोबत तीन प्रश्नांची छोटी चाचणी आहे: किती वेळा पिता, पिण्याच्या दिवशी किती पेयं, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा. प्रत्येकाला ० ते ४ गुण. पुरुषांत ४ आणि स्त्रियांत ३ किंवा जास्त आले, तर दहा प्रश्नांची पूर्ण चाचणी करावी. तिच्यात ४० पैकी ८ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं, २० किंवा जास्त म्हणजे अवलंबित्व असण्याची शक्यता मोठी.

इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने, किंवा पूर्वी सोडताना आकडी आलेल्याने एका झटक्यात, घरच्या घरी बंद करू नये. ‘इच्छाशक्ती दाखव, आजपासून बंद’ असं म्हणत खोलीत कोंडणं जीवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. आकड्या येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, दिवस-जागा कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. ही आणीबाणी आहे. डॉक्टर डायझेपामसारखी औषधं पुरेशा मात्रेत सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवतात आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. कुपोषित पिणाऱ्याला थायमिनआधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ सांगताना तो रोज पितो हे लपवू नये. अब्रूसाठी दडवलेली हीच माहिती नेमकी महागात पडते. असं सोडणं वारंवार घडलं तर पुढच्या वेळचा त्रास आणखी तीव्र होत जातो.

त्यानंतरची औषधं आहेत आणि ती फार कमी लोकांना मिळतात. नाल्ट्रेक्सोन, साधारणपणे ५० मिलिग्रॅम रोज, पिण्यातली मजा बोथट करतं. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असतील तर चालत नाही. अकॅम्प्रोसेट दारू थांबवल्यावर थांबलेलीच राहायला मदत करतं, मूत्रपिंडं ठीक असावी लागतात. डायसल्फिराम, डेन्मार्कमध्ये १९४८ मध्ये पुढे आलेलं, हे वेगळं प्रकरण आहे: ते घेतल्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळणं. माणसाला माहीत असेल आणि तो स्वतः घेत असेल तरच त्याचा उपयोग. जेवणात गुपचूप मिसळून देणं हा जिवाशी खेळ आहे. त्याला कल्पना नसते, तो नेहमीसारखा पितो आणि हृदय कमजोर असेल तर तिथेच संपू शकतो. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात दिसली की पुड्यात काय आहे ते आधी विचारावं.

घरच्यांनी बोलायची वेळ सकाळची, उतरल्यावरची. पिलेल्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. ‘तू नेहमी असाच’ ऐवजी एक ठरावीक गोष्ट: ‘काल आठला येतो म्हणालास, मुलगी अकरापर्यंत जागी होती.’ सारवासारव एकेक करून थांबवावी, आधी सांगून: उद्यापासून तुझ्या ऑफिसला मी फोन करणार नाही. आणि न पिता घरी आला त्या संध्याकाळी उलटतपासणी न घेता बरोबर जेवावं. तेवढ्यानेही फरक पडतो. मार खाऊन मात्र ही तंत्रं वापरत बसू नये. आधी सुरक्षित जागी जावं, बोलणं नंतर.

पिऊन निपचित पडलेल्याला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडू नये. पोटातली दारू नंतरही रक्तात जात राहते, त्यामुळे झोपेत पातळी वाढू शकते. कुशीवर वळवावं, तोंड खाली कललेलं, मागे उशीचा आधार. हलवून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर ॲम्ब्युलन्स. बोटं घालून उलटी करवू नये, ती श्वासनलिकेत जाते.

बैठकीची मांडणी बदलणं यजमानाच्या हातात असतं. फेऱ्यांची रीत मोडून ज्याने त्याने आपलं मागवावं. ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ओतू नये, मापाने ओतावं. जेवण शेवटी न आणता आधी आणावं. भरल्या पोटी दारू हळू चढते. बिनदारूचं पेय त्याच तऱ्हेच्या ग्लासात, त्याच ट्रेमध्ये, न मागता. आणि ‘नाही’ ऐकल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये. नकार देणाऱ्यासाठीही एक गोष्ट: कारण देऊ नका. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, एकाने काही होत नाही. ‘आज नको’ या दोन शब्दांना पकडायला काही नसतं.

सोडल्यानंतरचा एकदाचा घसरा बहुतेकांच्या वाट्याला येतो. तो एक पेला फारसं बिघडवत नाही. ‘गेलंच सगळं’ म्हणून पुढचा आठवडा पिणं बिघडवतं. म्हणून घसरण्याआधीच कागदावर लिहून ठेवावं: उरलेली बाटली कुठे ओतायची, त्या रात्री कुणाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना काय सांगायचं. आणि झोपेची मुदत आधीच सांगून ठेवावी. थरथर आठवड्यात जाते, भूक महिन्याभरात परत येते, पण झोप नीट बसायला काही महिने लागू शकतात. सहाव्या आठवड्यात टक्क जाग्या रात्री ‘दारू सोडून काय मिळालं’ हा विचार येतो आणि बरेच जण तिथेच परततात. त्या दिवसांत दुपारची डुलकी बंद, उठण्याची वेळ रोज तीच, आणि झोप नाही आली तर अंथरुणातून उठून बाहेरच्या खोलीत बसणं.